दोन सेकंदांची जागल

मागच्या हिवाळ्यात आमच्या नामदेव काकाजींनी रात्री साडेबाराला मोबाईल बंद केला तो साडेतीनपर्यंत उघडलाच नाही. हरभऱ्याला पाणी देणं चालू होतं. त्या आठवड्यात थ्री-फेजची लाईन रात्रीचीच होती, आणि नाल्यापलीकडच्या विहिरीवरची मोटार फोन लावून सुरू होते. फोन बंद, म्हणून मोटारही बंद. तीन तास लाईन होती आणि वावरात पाण्याचा थेंब नाही. सकाळी विचारलं तर म्हणाले, "अरे बाबू, मेसेज आलता. अंतराळातून किरणं येऊन राह्यले, फोन बंद ठेवा म्हणे. नासानं सांगतलं."

तो मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. कितीतरी वर्षांपासून फिरतोय, आणि वेळही बहुतेक तीच असते, साडेबारा ते साडेतीन. तो खोटा आहे, हे सांगायला एक ओळ पुरते. काकाजींच्या पुढच्या प्रश्नाला मात्र एक ओळ पुरली नाही. "मंग अंतराळातून किरणं येतच नाही का?"

येतात. साऱ्या आकाशाचा हिशोब धरला तर साधारण रोज एकदा, कुठल्या तरी दिशेनं गॅमा किरणांचा एक लोट पृथ्वीवर येऊन आदळतो. त्यातले काही मिनिटभर टिकतात, काही डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात. हे दुसरे, आखूड स्फोट, पकडायला फार अवघड. ते कसे पकडतात हे काकाजींना सांगता सांगता माझंही डोकं थोडं साफ झालं, म्हणून लिहितो आहे.

गॅमा म्हणजे काय, आणि त्यासाठी वर का जावं लागतं?

रेडिओच्या लहरी, डोळ्याला दिसणारा उजेड, एक्स-रे आणि गॅमा ही सगळी एकाच घरची भावंडं. फरक अंगातल्या जोराचा. उजेड सुट्या सुट्या कणांनी येतो असं समजा. साध्या उजेडाचा कण म्हणजे झिमझिम पावसाचा थेंब, तर गॅमाचा कण म्हणजे गार. एकेका कणात साध्या उजेडाच्या हजारो ते लाखो पट ऊर्जा. कॅन्सरच्या पेशंटला कोबाल्ट मशीनवर 'शेक' देतात, तो शेक याच किरणांचा.

मग आकाशातून येणारे गॅमा किरण आपल्याला का लागत नाहीत? हवेमुळे. डोक्यावरची हवा पातळ वाटते, पण तिचं सगळं ओझं एकत्र केलं तर ते दहा मीटर खोल पाण्याइतकं भरतं. तेहतीस फूट भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसलो आहोत असंच समजा. आकाशातला गॅमा किरण त्या विहिरीच्या वरच्याच भागात विरून जातो. आपल्या दृष्टीनं बरं झालं. पण ज्याला ते किरण मोजायचे आहेत त्याला विहिरीच्या बाहेर, म्हणजे उपग्रहावर, जावंच लागतं.

शोधायला गेले बॉम्ब

१९६३ साली हवेत, अंतराळात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करायच्या नाहीत असा करार झाला. समोरचा सोव्हिएत रशिया तो पाळेल यावर अमेरिकेचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी 'वेला' नावाचे पहारेकरी उपग्रह जोडीजोडीनं वर सोडले, पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरवर. अणुबॉम्ब फुटला की गॅमा किरण सुटतात, ते टिपायचे, एवढंच त्यांचं काम.

२ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक चमक टिपली. तिचा चढउतार बॉम्बसारखा नव्हता. पुढे तशा आणखी सापडल्या. एकाच चमकेची वर्दी वेगवेगळ्या उपग्रहांवर किंचित मागेपुढे पोचत होती. त्या फरकावरून दिशा काढली तर ना पृथ्वी, ना सूर्य. ही गोष्ट १९७३ मध्ये जाहीर झाली. शेजाऱ्याच्या संशयापोटी बसवलेल्या पहाऱ्याला दुसरंच काही दिसावं, हा प्रकार आपल्याकडच्या धुऱ्याच्या भांडणांतही घडतो.

लांब आणि आखूड

१९९१ ते २००० या काळात 'कॉम्प्टन' नावाच्या अंतराळातल्या वेधशाळेवरच्या 'बॅटसी' या उपकरणानं असे २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती. ते फार दूरचे असावेत, ही शंका तिथून बळावली.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची होती. किती वेळ टिकले त्याप्रमाणे स्फोटांची मांडणी केली, तर एकच ढीग पडायच्या ऐवजी दोन ढीग पडले, आणि त्यांच्यामधली दरी दोन सेकंदांच्या आसपास. १९९३ मध्ये हे स्पष्ट मांडलं गेलं. दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर लांब, कमी टिकला तर आखूड. आखुडांचे किरण सहसा जास्त जोराचे असतात, हेही तेव्हाच दिसलं.

लांब स्फोट म्हणजे एका अजस्त्र ताऱ्याचा शेवट, हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. आखूड स्फोटाला मात्र दोघं लागतात. न्यूट्रॉन तारा म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा. वजन सूर्यापेक्षा जास्त आणि रुंदी जेमतेम वीस किलोमीटर, म्हणजे तालुक्याच्या बाजारापासून दोन-चार गावं सोडून पुढे. असे दोन तारे एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं फिरत राहतात, हळूहळू जवळ येतात, आणि शेवटच्या क्षणी सेकंदाला शेकडो घिरट्या घालत एकमेकांत घुसतात. त्यातून दोन विरुद्ध दिशांना अरुंद झोत सुटतो.

'अरुंद' हा शब्द लक्षात ठेवा. जागलीला मचाणावर बसलं की शेजारच्या वावरातली बॅटरी दिसत असते. रानडुकरांमागे ती इकडून तिकडे फिरते, आणि जेव्हा नेमकी आपल्याकडे वळते तेव्हाच डोळे दिपतात. इतर वेळी नुसता पुसट उजेड. आखूड स्फोटांचंही तसंच आहे. होतात त्यातले बहुतेक आपल्याकडे तोंड करून नसतात, ते आपल्याला कळतही नाहीत.

ही दुर्बीण नव्हेच

अंतराळ दुर्बीण म्हटलं की डोळ्यापुढे लांब नळकांडं येतं, कुठल्या तरी ताऱ्यावर रोखलेलं. इथे माझं मत ठाम आहे की या कामाला दुर्बीण म्हणणं हीच निम्म्या गोंधळाची सुरुवात. रोखणार कुठे? स्फोट कुठे होणार हे ठाऊक नाही, कधी होणार तेही नाही, आणि तुम्ही मान वळवेपर्यंत तो संपलेला. हे काम सरळ सरळ जागलीचं आहे. सगळीकडे कान, डोळा उघडा, आणि खुट्ट झालं की उठायचं.

२००८ पासून फिरत असलेल्या 'फर्मी' उपग्रहावरचं 'जीबीएम' हे उपकरण बघा. त्यावर सोडियम आयोडाइडच्या बारा चकत्या आहेत, जेवणाच्या लहान ताटलीएवढ्या, साधारण पावणेतेरा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर जाड. बाराही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. शिवाय जास्त जोराच्या किरणांसाठी दोन जाड तुकडे वेगळे. सोडियम आयोडाइड हा आपल्या मिठाचा चुलतभाऊ. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तसं यालाही सुटतं, म्हणून हवाबंद डबीत ठेवावा लागतो. गॅमाचा कण त्यात घुसला की इवलीशी ठिणगी उठते. मागे लावलेली नळी ती ठिणगी वाढवून विजेचा ठोका बनवते. एक कण, एक ठोका. ठोका जितका मोठा तितका कण जोराचा. चित्र वगैरे काही नाही. ठोके मोजत बसायचं.

टिनावरची गार

आता खरी अडचण. ठोके सतत पडतच असतात. आकाशातून कुठून कुठून गॅमा किरण येतात, पृथ्वीच्या हवेतूनही येतात, विजेचा भार असलेले कण उपकरणावर आदळतात. स्फोट नसतानाही मोजणी चालूच.

टिनाच्या घरात पावसाळी रात्री झोपला असाल तर ही अडचण अंगावरची आहे. पावसाचा एकसारखा आवाज चालू असतो. मधेच एक क्षणभर मूठभर गारा पडून गेल्या. तासाभरात टिनावर एकूण किती पडलं हे कुणी मोजलं, तर त्या गारा हिशोबात सापडणारच नाहीत. दर दहा सेकंदांनी मोजलं तरी कदाचित नाही. पण पाव सेकंदाच्या हिशोबानं मोजलं, तर त्या एका पाव सेकंदात आवाज एकदम चढलेला दिसेल.

आखूड स्फोट पकडायची युक्ती यात जवळजवळ पूर्ण आली. बॅटसीचा संगणक ठोके तीन मापांनी मोजायचा, ६४ मिलिसेकंद, २५६ मिलिसेकंद आणि १,०२४ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. फर्मीचं सर्वांत लहान माप १६ मिलिसेकंदांचं, सर्वांत मोठं आठ सेकंदांच्या वर. ही सगळी मापं एकाच वेळी चालू असतात, कारण येणारा स्फोट केवढा असेल हे आधी कुणाला माहीत?

पण माप जितकं लहान तितकी फसगत जास्त. सोळा मिलिसेकंदांत पडायचेच मोजके ठोके, त्यात योगायोगानं चार जास्त पडले तरी वाटावं की आला. म्हणून दुसरी अट, निदान दोन चकत्यांवर एकाच वेळी ठोके चढले पाहिजेत. एकटं कुत्रं भुंकलं तर माणूस कूस बदलतो. दोन टोकांची दोन कुत्री एकदम भुंकली तर काठी घेतो.

आणि तरीही खोटी वर्दी येतेच. सूर्यावरच्या ज्वाला गॅमा किरण फेकतात. दक्षिण अटलांटिक समुद्रावर भारलेल्या कणांचा एक पट्टा खाली झुकलेला आहे, तिथून जाताना फर्मीसारख्या उपग्रहाला मोजणीच थांबवावी लागते. सगळ्यांत गमतीची खोटी वर्दी खालून येते. मृगाच्या सुरुवातीला आपल्याकडे जे विजांचे ढग चढतात, तसल्या ढगांतूनही कधी कधी गॅमा किरणांची मिलिसेकंदभराची चमक वर सुटते. बॅटसीनंच ती टिपली, आणि १९९४ मध्ये जगाला कळलं. दूरच्या ताऱ्यांसाठी बसवलेल्या पहाऱ्याला पृथ्वीवरच्या विजांचं नवं रूप सापडलं.

कुणीकडून आलं?

ठोके चढले, खरेही ठरले. आता दिशा. गॅमा किरण भिंगानं किंवा साध्या आरशानं गोळा करता येत नाहीत, ते आरपार जातात. मग तीन उपाय.

पहिला उपाय म्हणजे थंडीच्या सकाळी ओट्यावर डोळे मिटून बसलं तरी ऊन कुणीकडून आहे हे कळतं, तो. ज्या गालाला ऊब जास्त, त्या बाजूला सूर्य. फर्मीच्या बारा चकत्यांपैकी कुणावर किती ठोके पडले यावरून दिशा काढतात. फार नेमकी येत नाही. पौर्णिमेचे कैक चंद्र मावतील एवढा आकाशाचा तुकडा हाती लागतो.

दुसरा उपाय बाजेचा. सुतळीनं विणलेली बाज उन्हात उभी करा आणि खाली पडलेली जाळीची सावली बघा. सूर्य सरकला की सावली सरकते. विणकाम एकसारखं नसेल, मुद्दाम वेडंवाकडं असेल, तर सावलीचा एखादा तुकडा पाहूनही ऊन कुठून येतं ते नेमकं सांगता येतं. २००४ मध्ये गेलेल्या 'स्विफ्ट' उपग्रहावर अशी बाज आहे. तिच्यात सुतळीऐवजी शिशाच्या पन्नास हजारांहून जास्त बारीक चकत्या, मुद्दाम विस्कळीत लावलेल्या. सावलीवरून जागा काढायची आणि मिनिटभरात अख्ख्या उपग्रहानं तिकडे वळून मागे उरलेली धग एक्स-रेमध्ये शोधायची. ९ मे २००५ रोजी त्यानं सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा एक स्फोट टिपला आणि वळून पाहिलं. एक्स-रेचे जेमतेम अकरा कण हाती लागले. अकरा! पण तेवढ्यावरून आखूड स्फोटाची जागा पहिल्यांदाच नीट कळली. ती निघाली म्हाताऱ्या ताऱ्यांच्या एका दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका तारासमूहाच्या, शेजारी. तिथे कोवळे अजस्त्र तारे नाहीतच, म्हणजे हा त्यांचा शेवट असणं अवघड. दोन जुन्या न्यूट्रॉन ताऱ्यांची भेट, ही शंका इथे घट्ट झाली.

तिसरा उपाय वेलाचाच जुना. दूर दूर असलेल्या उपग्रहांवर वर्दी कधी पोचली त्या वेळा ताडून बघायच्या.

या जागलीत आपलाही गडी आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोनं 'अ‍ॅस्ट्रोसॅट' सोडला. त्यावरचं 'सीझेडटीआय' हे उपकरण खरं तर बाजेच्याच पद्धतीनं समोरचं बघायला बनवलेलं. पण जास्त जोराचे गॅमा किरण त्याच्या पेटीच्या भिंती भेदून बाजूनं, मागूनही आत शिरतात. एरवी हा दोष म्हटला असता. इथे त्यामुळे ते आकाशभराचं झालं आणि शेकडो स्फोट त्यानं नोंदवले.

१७ ऑगस्ट २०१७

आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. फर्मीवर दोनेक सेकंदांचा एक स्फोट नोंदला गेला. तसा मामुलीच, मंद. रोजच्या वर्दीसारखी वर्दी गेली.

पण त्याच्या १.७ सेकंद आधी अमेरिकेतल्या 'लायगो' या जमिनीवरच्या यंत्रांवर गुरुत्वीय लहरींचा एक सूर येऊन संपला होता. दोन जड तारे फिरताना अवकाशच किंचित हेलकावतं, तो हेलकावा म्हणजे गुरुत्वीय लहर. हा सूर शंभरेक सेकंद चढत चढत गेला आणि तुटला. दोन न्यूट्रॉन तारे भिडण्याचा सूर. लायगोच्या दोन केंद्रांपैकी एकावर नेमका त्याच वेळी खरखराट आलेला, त्यामुळे आधी एकाचीच नोंद पुढे आली. फर्मीची वर्दी शेजारी होती म्हणून शंकेला जागा उरली नाही. इटलीतल्या 'व्हर्गो' यंत्राला तो जवळजवळ ऐकूच आला नाही, आणि त्याला कुठल्या दिशेचं कमी ऐकू येतं हे माहीत असल्यानं दिशा आणखी आवळता आली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटच्या आणि स्फोटाच्या मधे त्या वेळी पृथ्वीच आडवी होती. त्याला काही दिसलं नाही, पण स्फोट पृथ्वीआडच्या आकाशात झाला, हे त्या न दिसण्यातूनच कळलं.

अकरा तासांच्या आत चिलीमधल्या एक मीटरच्या दुर्बिणीनं वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. आधी निळसर, दिवसांगणिक लाल होत गेलेला. पुढे त्याच्या उजेडात स्ट्रॉन्शियम या जड धातूची खूण सापडली. सोनं, प्लॅटिनमसारखे धातू अशाच धडकांत घडत असावेत, या म्हणण्याला त्यानं मोठा आधार मिळाला. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनंही या जागेचा पाठपुरावा केला.

ती दीर्घिका सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तो उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या काळ्या रानाखालचा पाषाण अजून ओतलाही गेला नव्हता. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि आता शंकरपटाच्या भाषेत ऐका, तेरा कोटी वर्षांची दौड, आणि उजेड व गुरुत्वीय लहर या दोन जोड्यांमध्ये शेवटी फरक पडला पावणेदोन सेकंदांचा. तोही कदाचित उजेडाची जोडी उशिरा सुटल्यामुळे. दोघांचा वेग एकच, हे याहून साफ कुणी दाखवलं नव्हतं.

स्फोट मंद का होता, याचं उत्तर मचाणावर आधीच देऊन झालं आहे. बॅटरी नेमकी आपल्याकडे वळलेली नव्हती.

औंढ्याला काय होणार?

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ वाशीम-पुसदकडच्या लोकांना घरचंच, श्रावणात निम्मं गाव तिकडे असतं. तिथे लायगोचं भारतातलं केंद्र उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. तिथे दुर्बीण बसणार असं पानठेल्यावर ऐकतो, पण आकाशाकडे रोखलेलं तिथे काहीच नसेल. तेही ऐकण्याचंच यंत्र. अमेरिका आणि युरोपपासून इतक्या दूर एक कान वाढला की दिशा पुष्कळ नेमकी होईल, आणि उपग्रहांना व दुर्बिणींना कमी आकाश धुंडाळावं लागेल.

"पण दोन सेकंदांची रेघ मारली कुणी?"

रास्त प्रश्न. निसर्गानं मारलेली नाही, ती आपल्या सोयीची. डिसेंबर २०२१ मध्ये मिनिटभराच्या आसपास टिकलेला एक स्फोट सापडला आणि त्यामागे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेसारख्या खुणा. मार्च २०२३ मध्ये आणखी एक तसाच. उलट ऑगस्ट २०२० मध्ये सेकंदभराचाच एक निघाला, पण तो कोसळणाऱ्या ताऱ्याचा. शिवाय काही आखूड चमका जवळच्या दीर्घिकांमधल्या अतिचुंबकीय ताऱ्यांच्या असतात, त्यात कुणी कुणाला धडकत नाही. सध्या तरी टिकण्याचा वेळ पाहून पहिला अंदाज बांधतात आणि बाकीच्या खुणा पाहून पक्कं करतात. दाढेवरून बैलाचं वय सांगणाऱ्याचंही कधी चुकतं.

"मंग धोका नाही म्हणतो?"

९ ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदींतला सर्वांत झगझगीत स्फोट आला, लांब प्रकारचा, सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरून. उपग्रहांवरची मोजणी भरून वाहिली. वातावरणाच्या अगदी वरच्या थरात त्यानं थोडी खळबळही केली, ती यंत्रांना कळली. त्या रात्री तुम्ही-आम्ही जेवलो, झोपलो, कुणाचा फोन तापला नाही. फार जवळ असा स्फोट झाला आणि झोत नेमका आपल्यावर वळला, तर वरच्या ओझोनचं नुकसान होऊ शकेल. पण तशी गाठ पडणं फार विरळ. मोबाईल बंद केल्यानं त्यात काही फरक पडणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

"आणि यानं कापसाले भाव भेटते का?"

नाही. काकाजींना मी हेच उत्तर दिलं. यातून पिकाला फायदा होतो असं ओढूनताणून सांगणारे लेख मीही वाचले आहेत, आणि मला ते पटत नाहीत. काकूंच्या पोतीतलं सोनं कुठे घडलं असेल हे कळणं, एवढंच माझ्यासाठी पुरेसं आहे. काकाजींना ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. मेसेजमध्ये वेळ दिली होती, साडेबारा ते साडेतीन. ती खोटी कशावरून? मी सांगितलं, उजेडाच्या पुढे धावून वर्दी देणारं काही नाही. स्फोटाची पहिली खबर म्हणजे तो स्फोटच. अपवाद एकच. तारे भिडायच्या आधीचा सूर लायगोला ऐकू आला, तर नशीब जोरावर असेल तेव्हा काही सेकंद, फार तर मिनिटभर आधी कळू शकेल.

"मिनिटभर?" काकाजी म्हणाले. "तेवढ्यात तं माह्या मोटारीचं पाणी पाइपाच्या तोंडाले बी येत नाही."